वनौषधींची कर्कपेशींवरील परीक्षणे

परंपरेने औषध म्हणून वापरात असलेल्या वनस्पतींपासून अर्क किंवा शुद्ध संयुगे वेगळी काढून त्यांचा मानवी कर्करोगाच्या पेशींवर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. अशा परीक्षणात पेशी शरीराबाहेर, पोषक द्रवात वाढविलेल्या असतात. त्यामुळे परीक्षणातून मिळणारे उत्तर मर्यादित असते. एखादे संयुग विशिष्ट संहतीस (एकक घनफळातील प्रमाणास) पेशींची वाढ रोखते किंवा पेशी मारते, एवढेच त्यावरून कळते. ते संयुग रुग्णास उपयोगी आहे किंवा नाही, हे ठरविण्यास पुढे प्राण्यांवरील प्रयोग व माणसांवरील टप्प्याटप्प्याच्या चाचण्या आवश्यक असतात. सदाफुली, नरक्या, हळद, अश्वगंधा, सीताफळ इ. महाराष्ट्रात परिचित असलेल्या वनस्पतींचा या दृष्टीने अभ्यास झालेला आहे. त्यांपैकी मोजक्याच वनस्पतींपासून प्रत्यक्ष वापरात असलेली औषधे मिळाली आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : सुश्रुतसंहितेत ‘ग्रंथी’ व ‘अर्बुद’ या विकारांचे वर्णन असून त्यांवर शस्त्रकर्म, क्षार, अग्निकर्म व लेप असे उपचार सांगितले आहेत. तथापि अर्बुद ही संज्ञा आजच्या कर्करोगाशी तंतोतंत जुळत नाही. तीत साध्या गाठींचाही समावेश होतो. त्यामुळे जुन्या ग्रंथात एखादी वनस्पती अर्बुदावर सांगितली आहे, एवढ्यावरून ती कर्करोगावर गुणकारी ठरत नाही. मात्र कोणत्या वनस्पतींचे परीक्षण आधी करावे, हे ठरविताना अशा नोंदी उपयोगी पडतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील जोनाथन हार्टवेल यांनी जगभरच्या वाङ्‍मयातून अशा नोंदी गोळा करून १९६७–७१ या काळात सु. ३,००० वनस्पती-जातींची सूची प्रसिद्ध केली.

पारंपरिक उपयोग आणि प्रयोगातील निष्कर्ष यांचा संबंध नेहमी सरळ असतोच असे नाही. सदाफुली ही मूळची मादागास्करची वनस्पती जमेकात मधुमेहावर वापरली जात असे. कॅनडातील रॉबर्ट नोबल व चार्ल्स बिअर यांनी तिचा अर्क प्राण्यांना दिला, तेव्हा रक्तातील साखर कमी झाली नाही, पण श्वेतकोशिकांची (रक्तातील पांढऱ्या पेशींची) संख्या झपाट्याने घटली. त्यातून १९५८ मध्ये व्हिंब्लास्टिन हे अल्कलॉइड मिळाले. त्याच सुमारास एली लिली या औषधनिर्मिती कंपनीतील गॉर्डन स्वोबोडा व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतंत्रपणे या वनस्पतीवर काम केले व व्हिंक्रिस्टिन वेगळे केले. व्हिंक्रिस्टिनास अमेरिकेत १९६३ मध्ये मान्यता मिळाली. लहान मुलांच्या श्वेतकोशिकार्बुदावर (रक्ताच्या कर्करोगावर) ते आजही मुख्य औषधांपैकी एक आहे. एक ग्रॅम व्हिंक्रिस्टिन मिळविण्यास सु. अर्धा टन वाळलेली पाने लागतात.

पेशीसंवर्धाची सुरुवात : मानवी कर्कपेशींवरील परीक्षणे शक्य होण्यास अशा पेशी शरीराबाहेर अखंड वाढविता येणे आवश्यक होते. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात १९५१ मध्ये जॉर्ज ओटो गाय यांना हे प्रथम साधले. हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी न थांबता विभागत राहिल्या. ‘हीला’ या नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचल्या. लॅक्स यांचा त्याच वर्षी ४ ऑक्टोबर रोजी मृत्यू झाला. पेशी संशोधनासाठी वापरण्यास त्यांची संमती घेतलेली नव्हती व कुटुंबियांना अनेक वर्षे याची कल्पनाही नव्हती. या पेशींच्या जनुकीय माहितीच्या वापरासंबंधी कुटुंबियांशी समझोता होण्यास २०१३ साल उजाडावे लागले.

हीला पेशी इतक्या जोमदार आहेत, की त्यांनी इतर अनेक पेशीवंशांत (एकाच मूळ पेशीसमूहापासून चालत आलेल्या संवर्धांत) शिरकाव केला. १९५४ मध्ये नासाग्रसनीच्या कर्करोगापासून तयार केलेला म्हणून ओळखला जाणारा ‘केबी’ हा पेशीवंश वनस्पतींच्या परीक्षणात दोन दशकांहून अधिक काळ वापरला गेला. प्रत्यक्षात त्या हीला पेशीच होत्या, असे पुढे सिद्ध झाले. म्हणून जुन्या अहवालांत केबी पेशींसंबंधी जे आकडे दिलेले असतात, ते गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे समजून वाचावे लागतात. आता कोणताही पेशीवंश वापरण्यापूर्वी त्याची जनुकीय ओळख पटवून घेण्याची प्रथा पडली आहे.

परीक्षणाची पद्धत : वनस्पतीचा भाग सावलीत वाळवून त्याची पूड करतात व हेक्झेन, मिथेनॉल, पाणी इ. विद्रावकांनी अर्क काढतात. बहुसंख्य प्रयोगशाळांत ९६ लहान खळगे असलेल्या पट्टीत पेशी पेरून त्यांत अर्काच्या चढत्या संहती घालतात. ४८ किंवा ७२ तासांनी जिवंत राहिलेल्या पेशींचे प्रमाण रंगावरून मोजतात. टिम मोसमन यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत जिवंत पेशी एका पिवळ्या लवणाचे जांभळ्या पदार्थात रूपांतर करतात. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पद्धतीत सल्फोऱ्होडामीन बी हा रंग पेशीतील प्रथिनांना चिकटतो. वाढ निम्म्यावर आणणारी संहती जितकी कमी, तितका अर्क प्रभावी मानतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या जुन्या निकषानुसार कच्च्या अर्कासाठी ही संहती दर मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम व शुद्ध संयुगासाठी ४ मायक्रोग्रॅम यांपेक्षा अधिक नसावी लागे. अर्क प्रभावी ठरल्यास त्याचे भाग पाडून प्रत्येक भागाचे पुन्हा परीक्षण करतात. असे करीत शेवटी क्रियाशील रेणूपर्यंत पोहोचतात.

या संस्थेने १९६० ते १९८२ या काळात सु. १,१४,००० वनस्पती-अर्क तपासले. या मोहिमेतून मिळालेली कँप्टोथेसिन (१९६६) व टॅक्सॉल (१९७१) ही दोन संयुगे सर्वांत महत्त्वाची ठरली. मन्रो वॉल (१९१६–२००२) व मनसुख वाणी (१९२५–२०२०) यांनी ती शोधून काढली. वाणी यांचा जन्म नंदुरबार येथे झाला व त्यांचे पदव्युत्तरापर्यंतचे शिक्षण मुंबई विद्यापीठात झाले. अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठाची पीएच.डी. मिळविल्यावर ते १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील संशोधन संस्थेत वॉल यांच्याकडे रुजू झाले. पॅसिफिक यू या वृक्षाच्या सालीच्या अर्काची मारकता १९६४ मध्ये प्रथम केबी पेशींवर दिसली होती. त्यातील टॅक्सॉलची संरचना १९७१ मध्ये व क्रियेची तऱ्हा १९७९ मध्ये (सूझन हॉर्विट्झ यांच्याकडून) उलगडली. अंडाशयाच्या कर्करोगावरील औषध म्हणून त्यास मान्यता मिळाली ती १९९२ मध्ये. पेशींवरील पहिल्या निरीक्षणापासून रुग्णापर्यंतचा हा प्रवास २८ वर्षांचा होता.

महाराष्ट्रातील कार्य : मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील विकृतिवैज्ञानिक वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले. कमल रणदिवे (१९१७–२००१) या त्यांच्या विद्यार्थिनीने १९४९ मध्ये पीएच.डी. मिळविल्यानंतर बाल्टिमोरला जाऊन जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धाचे (शरीराबाहेर पेशी व पेशीसमूह वाढविण्याचे) तंत्र आत्मसात केले. परत आल्यावर त्यांनी मुंबईच्या केंद्रात भारतातील पहिली ऊतकसंवर्ध प्रयोगशाळा उभारली. हीला पेशी ज्या प्रयोगशाळेत प्रथम वाढविल्या गेल्या, तेथील तंत्र अशा रीतीने थेट महाराष्ट्रात आले. रणदिवे यांना १९८२ मध्ये ‘पद्मभूषण’ हा किताब मिळाला. टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र २००२ पासून नवी मुंबईतील खारघर येथे असून तेथे बाहेरच्या संशोधकांनी पाठविलेली संयुगे मानवी कर्कपेशींवर तपासून देण्याची सोय आहे. पुणे येथील राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून (स्थापना १९८६, वेगळ्या नावाने) देशभरच्या महाविद्यालयांना पेशीवंश पुरविले जातात.

वनस्पतिरसायनशास्त्रात मुंबईच्या उपनगरांत झालेले कार्य विशेष उल्लेखनीय आहे. गोरेगाव येथील सीबा संशोधन केंद्रात टी. आर्. गोविंदाचारी व एन्. विश्वनाथन् यांनी १९७२ मध्ये सह्याद्रीतील नरक्या या लहान वृक्षात कँप्टोथेसिन असल्याचे दाखविले. कँप्टोथेसिन त्यापूर्वी चीनमधील एका वृक्षातून मिळाले होते. नरक्यात त्याचे प्रमाण चांगले, म्हणजे वाळलेल्या भागांच्या सु. ०.१ टक्का व काही वेळा त्याहून अधिक असते. फुलांच्या व लाकडाच्या दुर्गंधीमुळे या वृक्षास हे नाव पडले आहे. कँप्टोथेसिनाच्या रुग्णांवरील पहिल्या चाचण्या मूत्राशयावरील विषारी परिणामांमुळे थांबवाव्या लागल्या. १९८५ मध्ये ते टोपोआयसोमरेज–१ या एंझाइमाचे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाचे) कार्य बिघडविते, असे कळल्यावर त्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १९९६ मध्ये टोपोटेकान व इरिनोटेकान या त्याच्या अनुजातांना (मूळ रेणूत बदल करून बनविलेल्या संयुगांना) अमेरिकेत मान्यता मिळाली. त्यानंतर महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली या परिसरांतील नरक्यास मोठी मागणी आली व बेकायदा तोडीमुळे अनेक ठिकाणी त्याची संख्या घटली. ज्या वृक्षाकडे गावकरी पूर्वी ढुंकूनही पाहत नसत, तो औषधी ठरताच दुर्मिळ होऊ लागला.

मुलुंड येथील हेक्स्ट संशोधन केंद्रात निंब कुलातील एका वृक्षापासून रोहितुकिन हे संयुग वेगळे करण्यात आले. त्याची संरचना व संश्लेषण (कृत्रिम रीतीने तयार करण्याची क्रिया) यांविषयीचा निबंध १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ शोध दाहशामक औषधाचा होता. रोहितुकिनाच्या धर्तीवर तयार केलेले फ्लॅव्होपिरिडॉल मात्र पेशीविभाजनाचे नियमन करणाऱ्या एंझाइमांना रोखते, असे आढळले. १९९० नंतरच्या दशकात या गटातील रुग्णांवर तपासले गेलेले ते पहिल्या औषधांपैकी एक होय. त्यास नियमित औषध म्हणून मान्यता मिळाली नाही, तरी त्यामुळे संशोधनाची एक नवी दिशा खुली झाली.

बीड जिल्हा व सीताफळ : बीड जिल्ह्याच्या मधून बालाघाटच्या रांगा गेलेल्या आहेत. पाऊस बेताचा व बेभरवशाचा, जमीन उतारावर मुरमाड व उथळ, अशा स्थितीत टिकून राहणाऱ्या झाडांत सीताफळाचे स्थान वरचे आहे. त्याची पाने शेळ्या-गुरे खात नाहीत. त्यामुळे चराऊ डोंगरांवर व बांधांवरही ते वाढते. धारूर, अंबेजोगाई, पाटोदा या भागांतील सीताफळे प्रसिद्ध असून ‘बीडचे सीताफळ’ या नावास २०१६ मध्ये भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळाली. अंबेजोगाई येथे परभणीच्या कृषी विद्यापीठाचे सीताफळ संशोधन केंद्र आहे. ‘धारूर–६’ हा तेथून आलेला वाण होय.

सीताफळ मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील असून ते पोर्तुगीजांमार्फत भारतात आले, असे सामान्यतः मानतात. त्याच्या बियांची पूड डोक्यातील उवा मारण्यास, पाने जखमेतील किडे पाडण्यास व बियांचा अर्क कीटकनाशक म्हणून वापरण्याची रीत ग्रामीण भागात जुनी आहे. ही पूड डोळ्यात गेल्यास स्वच्छमंडलास (बुबुळावरील पारदर्शक पटलास) गंभीर इजा होते, हाही सार्वत्रिक अनुभव असून नेत्रवैद्यकात अशा रुग्णांच्या नोंदी आहेत.

या विषारीपणाचे मूळ असलेली संयुगे १९८२ नंतर उलगडत गेली. त्या वर्षी सीताफळाच्याच कुलातील एका आफ्रिकी वनस्पतीपासून युव्हॅरिसीन वेगळे करण्यात आले. ॲसिटोजेनिने या गटातील ते पहिले संयुग होय. या रेणूंत ३५ किंवा ३७ कार्बन अणू असून लांब मेदाम्ल-साखळीच्या एका टोकास लॅक्टोन वलय व मध्ये एक किंवा दोन ऑक्सिजनयुक्त वलये असतात. सीताफळाच्या बियांतून १९८८ मध्ये जपानी संशोधकांनी स्क्वॅमोसीन वेगळे केले. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात जेरी मॅक्लॉफ्लिन यांच्या गटाने या कुलातील वनस्पतींपासून अशी अनेक संयुगे मिळवून मानवी कर्कपेशींवर तपासली. प्राथमिक चाळणीसाठी त्यांनी खाऱ्या पाण्यातील बारीक कोळंबीसदृश प्राण्याची पिले वापरण्याची स्वस्त पद्धत रूढ केली. साधनांची वानवा असलेल्या महाविद्यालयांनाही ती परवडते. आतापर्यंत या गटातील चारशेहून अधिक संयुगे ज्ञात झाली आहेत.

ॲसिटोजेनिनांची क्रिया कलकणूंवर (पेशीत ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांवर) होते. श्वसन-साखळीतील पहिल्या एंझाइम-संकुलास ती अडवितात. त्यामुळे पेशीचा ऊर्जापुरवठा तुटतो. झपाट्याने विभागणाऱ्या कर्कपेशींची ऊर्जेची गरज मोठी असल्याने त्या आधी मरतात, अशी उपपत्ती मांडली गेली. प्रयोगशाळेतील आकडे प्रभावी आहेत. काही ॲसिटोजेनिने अत्यल्प संहतीस पेशींची वाढ थांबवितात. उवा व कीटकही याच क्रियेने मरतात.

मात्र हीच क्रिया चेतापेशींनाही (मज्जासंस्थेच्या पेशींनाही) घातक ठरू शकते. ग्वादलूप या कॅरिबियन बेटावर पार्किन्सन रोगासारख्या, पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विकाराचे रुग्ण असाधारण संख्येने आढळतात. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत या विकाराचा संबंध लक्ष्मणफळ व त्याच कुलातील इतर फळे आणि त्यांच्या पानांचा काढा यांच्या नित्य सेवनाशी जोडण्यात आला. लक्ष्मणफळातील ॲनोनॅसीन उंदरांना दीर्घकाळ दिले असता मेंदूतील चेतापेशींचा ऱ्हास झाल्याचे २००४ मध्ये दिसून आले. हे निष्कर्ष प्रामुख्याने लक्ष्मणफळाचे आहेत. सीताफळाचा गर हंगामात खाण्यास त्यावरून प्रतिबंध करता येत नाही. परंतु पानांचा किंवा बियांचा काढा ‘कर्करोगावरील औषध’ म्हणून महिनोन्‌महिने घेणे हे निर्धोक नाही, एवढे त्यावरून निश्चित म्हणता येते. ॲसिटोजेनिनापासून रुग्णांसाठी मान्यताप्राप्त असे कोणतेही औषध अद्याप तयार झालेले नाही.

परीक्षणांच्या मर्यादा : काचेच्या भांड्यातील पेशीस मारणे अवघड नाही. तीव्र मीठ किंवा मद्यार्कही ते करतो. म्हणून संयुग निरोगी पेशींपेक्षा कर्कपेशींवर अधिक परिणाम करते का, हे तपासणे अगत्याचे असते. अनेक अहवालांत ही तुलना केलेली नसते. दुसरे असे, की तोंडावाटे घेतलेले संयुग आतड्यातून रक्तात शोषले जाईल, यकृतात नष्ट न होता गाठीपर्यंत पोहोचेल व तेथे आवश्यक संहती टिकेल, याची खात्री पेशींवरील परीक्षण देत नाही. हळदीतील कर्क्युमीन हे याचे ठळक उदाहरण आहे. पेशींवर त्याचे परिणाम असंख्य निबंधांत नोंदलेले आहेत, परंतु ते शरीरात फारच थोडे शोषले जाते आणि परीक्षणातील रंग व प्रथिने यांच्याशी स्वतःच विक्रिया करून फसवे निष्कर्षही देते, असे २०१७ मधील एका विस्तृत आढाव्यात दाखविण्यात आले. तिसरे, एकाच वनस्पतीतील क्रियाशील घटकांचे प्रमाण जमीन, ऋतू व झाडाचे वय यांनुसार बदलते. त्यामुळे घरगुती काढ्यात मात्रा निश्चित राहत नाही.

या मर्यादा वृत्तपत्रांतील मथळ्यांतून व तोंडोतोंडी पसरणाऱ्या बातम्यांतून गळून पडतात. ‘अमुक वनस्पतीने कर्कपेशी मेल्या’ हे वाक्य रुग्णाच्या घरी पोहोचेपर्यंत ‘अमुक वनस्पतीने कर्करोग बरा होतो’ असे होते. याची किंमत मोजता येते. येल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, बरा होण्याजोगा कर्करोग असूनही केवळ पर्यायी उपचार निवडणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीचपट आढळला. स्तनाच्या कर्करोगात तो पाचपटींहून अधिक होता. गाठ लहान असताना गेलेले काही महिने पुढे भरून काढता येत नाहीत.

हक्क व संरक्षण : पारंपरिक ज्ञानावर परक्यांनी एकस्व (पेटंट) मिळविल्याचा प्रश्न हळदीच्या निमित्ताने गाजला. जखमेवरील हळदीच्या उपयोगाबद्दल अमेरिकेत १९९५ मध्ये दिलेले एकस्व रघुनाथ माशेलकर महासंचालक असताना भारतीय वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिल्यामुळे १९९७ मध्ये रद्द झाले. भारताने २००२ मध्ये जैविक विविधता अधिनियम संमत केला. त्यानुसार स्थानिक संस्थांत जैवविविधता समित्या नेमून परिसरातील वनस्पती व त्यांविषयीचे ज्ञान नोंदवहीत लिहिणे आणि व्यापारी उपयोगातील लाभाचा वाटा स्थानिकांना मिळणे अपेक्षित आहे. नरक्याच्या बाबतीत जे घडले ते पाहता अशा नोंदी तोड सुरू होण्यापूर्वीच पूर्ण असणे इष्ट ठरते. सीताफळाची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या बिया गर काढण्याच्या उद्योगात टाकाऊ म्हणून मोठ्या प्रमाणात उरतात. त्यामुळे संशोधनासाठी झाड तोडण्याची गरज पडत नाही.

बीडच्या परिसरातील कर्करोग : सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. तेथील नोंदींवरून ग्रामीण स्त्रियांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे असल्याचे स्पष्ट झाले. त्यानंतर शेजारच्या धाराशिव (पूर्वीच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा समावेश असलेली चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या स्त्रियांच्या गटास या रोगास कारणीभूत व्हायरसाच्या एका तपासणीची सोय करून दिली होती, त्या गटात या रोगाचे ३४ मृत्यू झाले. अशी तपासणी नसलेल्या गटात ते ६४ होते. हेन्रिएटा लॅक्स यांचा मृत्यू याच कर्करोगाने झाला होता व त्यांच्या पेशींतही याच व्हायरसाचा एक प्रकार सापडला आहे. वनौषधींवरील परीक्षणांतून उद्याची औषधे मिळण्याची शक्यता सदाफुली व नरक्या यांनी सिद्ध केली आहे. ती औषधे हाती येईपर्यंत मराठवाड्यातील खेड्यांत वेळेवर होणारी तपासणी व उपचार यांचे महत्त्व सर्वाधिक राहते.